यलोस्टोनला जरूर जा, पण फळ्यांची वाट सोडू नका

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की ओळखीच्या दोन-चार घरांतून मला फोन येतात. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, आई-वडिलांचं तिकीट निघालेलं, चकल्या-लाडवांचे डबे बॅगेत बसवायची खटपट चाललेली आणि जुलैत सगळ्यांनी मिळून यलोस्टोन पाहायचं ठरलेलं. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकतं. जमीन फुगते आहे, जनावरं पळत सुटली आहेत, महाज्वालामुखी आता कधीही फुटेल. मी ३५ वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, म्हणून विचारणा माझ्याकडे होते. "सर, जाऊ का नको?"

जा. ज्वालामुखीच्या भीतीनं तर मुळीच थांबू नका. पण एवढं ऐकून फोन ठेवू नका, असंही मी त्यांना सांगतो. यलोस्टोनमध्ये भाजून गेलेली माणसं आहेत. १८९० पासूनची नोंद पाहिली तर ती वीसहून जास्त भरतात आणि त्यांतलं एकही ज्वालामुखीनं गेलेलं नाही. सगळी गरम पाण्याच्या कुंडांत गेली. कुणाचा पाय घसरला, कुणी बंदी मोडून आत गेलं, एकानं तर मित्राच्या कुत्र्याला वाचवायला उकळत्या पाण्यात उडी घेतली. आपली सगळी भीती जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर असलेल्या शिलारसाला वाहिलेली असते आणि पायाखालच्या चार बोटं जाडीच्या कवचाकडे कुणाचं लक्ष नसतं. मला बोलायचं आहे ते त्या चार बोटांबद्दल. पण ज्वालामुखीची धास्ती मनात ठेवून दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटरचा हा मुलूख, बराचसा वायोमिंग राज्यात, थोडा मोंटाना आणि आयडाहोत. तिथे पोचल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "ज्वालामुखीचा डोंगर कुठे आहे?" डोंगर नाहीच. तुम्ही ज्वालामुखीच्या पोटात उभे असता. आपल्या गुऱ्हाळात रस आटवायची काहील असते ना, तसा हा खोलगट भाग, साधारण ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. या आकाराला भूशास्त्रात काल्डेरा म्हणतात आणि त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थही काहीलच. खालचा शिलारस बाहेर फेकला गेला, वरचं छत खाली बसलं आणि ही काहील तयार झाली. नंतरच्या लाव्हानं ती बरीचशी भरून काढली, म्हणून ती सहजी डोळ्यांत भरत नाही.

इथे तीन प्रचंड उद्रेक झाले. पहिला सुमारे २१ लाख वर्षांपूर्वी, दुसरा १३ लाख वर्षांपूर्वी आणि तिसरा ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. पहिल्यात जवळजवळ २,५०० घन किलोमीटर माल बाहेर पडला, तिसऱ्यात १,००० च्या आसपास. आकडे भयंकर आहेत, लपवायचं कारण नाही. शेवटचा लाव्हा मात्र सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वाहिला आणि तोही संथपणे, स्फोट न होता.

आपण मराठी माणसांनी तरी ज्वालामुखीला परकं समजू नये. घाटातून जाताना कड्यावर एकावर एक रचलेले पट्टे दिसतात, ते लाव्ह्याचे थर आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर तो थरांमागून थर पसरत राहिला. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं, गावोगावच्या वाड्यांचे चौथरे ज्यातून घडवले, तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच. दख्खनचा लाव्हा पातळ होता, तो भेगांमधून वर आला आणि पसरत गेला. यलोस्टोनचा शिलारस सिलिकानं घट्ट झालेला असतो. त्यात वायू अडकून राहतात आणि दाब अनावर झाला की फुटतात. या दोन्ही ठिकाणांना पृथ्वीच्या खोल पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या झोतानं जन्म दिला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्याला जन्म देणारा झोत आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. जमीन झोतावरून सरकते, झोत मागे राहतो. यलोस्टोनच्या नैर्ऋत्येला आयडाहोभर जुन्या, विझलेल्या काहिलींची रांग पडली आहे ती यामुळेच.

आता ते "मुदत उलटून गेली" प्रकरण. व्हिडिओत हमखास असतं की हा ज्वालामुखी दर सहा लाख वर्षांनी फुटतो आणि आता वेळ होऊन गेली आहे. कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या उद्रेकांमध्ये साधारण ८ लाख वर्षं गेली, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये ६ लाख ६० हजार. सरासरी निघते ७ लाख ३० हजार. म्हणजे याच हिशेबानं जायचं म्हटलं तरी अजून ९० हजार वर्षं बाकी आहेत. खरं सांगायचं तर दोन अंतरांच्या सरासरीला फारसा अर्थच नसतो. ज्वालामुखीला एसटीसारखं वेळापत्रक नसतं. पुरेसा शिलारस वितळलेला असेल आणि पुरेसा दाब असेल तर तो फुटतो, नसेल तर पडून राहतो. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण विभागाच्या मते एखाद्या वर्षी इथे महाउद्रेक होण्याची शक्यता ७ लाख ३० हजारांत एक इतकी आहे आणि हा आकडाही वरच्याच ढोबळ सरासरीतून आलेला आहे. यापुढे या ठिकाणी तसा उद्रेक कधीच होणार नाही, हेही शक्य आहे.

खाली धगधगत्या लाव्ह्याचं तळं भरलेलं आहे, ही कल्पनाही काढून टाका. भूकंपाच्या लहरी त्या खडकातून कशा जातात ते मोजून शास्त्रज्ञांनी खालचं चित्र काढलं आहे. वरच्या साठ्यातला बराचसा भाग तापलेला पण घट्ट खडक आहे. वितळलेला रस साधारण पाचव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी, ओल्या वाळूत पाणी मुरलेलं असावं तसा कणाकणांच्या फटींत पसरलेला आहे. मोठ्या उद्रेकाला याहून कितीतरी जास्त भाग वितळलेला आणि एकत्र साठलेला लागतो.

जमीन फुगते, हे मात्र खरं आहे. २००४ ते २०१० या काळात ती काही ठिकाणी सुमारे २५ सेंटीमीटर वर आली. त्या वेळी बातम्या झाल्या. पुढे २०१५ पासून ती वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरनं खाली बसत गेली, त्याचा व्हिडिओ कुणी केला नाही. अशा जागची जमीन वर-खाली होतच असते. भूकंपांचंही तसंच. वर्षाला दीड ते अडीच हजार धक्के नोंदले जातात, बहुतेक इतके हलके की वर उभ्या माणसाला कळतही नाहीत. कधी ते झुंडीनं येतात. २०१७ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांत अशा एका झुंडीचे २,४०० च्या आसपास धक्के मोजले गेले. पुढे काही झालं नाही.

आणि पळणारी जनावरं. ३० मार्च २०१४ रोजी तिथे ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच सुमारास रस्त्यावरून धावणाऱ्या बायसनचा एक व्हिडिओ जगभर फिरला. ज्वालामुखी फुटणार म्हणून ती पळताहेत, असं त्याखाली लिहिलेलं होतं. उद्यानाच्या अधिकाऱ्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की बायसन धावतात, धावणं हा त्यांचा स्वभाव आहे. आमच्याकडे बैल पोळ्याला उधळला तर कुणी भूकंपाचं भाकीत करत नाही.

म्हणून पहिली विनंती ही. असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळेची नोंद पाहा. भूशास्त्र सर्वेक्षण विभाग, युटा विद्यापीठ आणि राष्ट्रीय उद्यान यांनी मिळून ती २००१ साली सुरू केली. ती इमारत नाही, ती जाळं आहे. उद्यानभर पसरलेली भूकंपमापकं, जमिनीची उंची मोजणारी उपकरणं, पाण्याचं आणि वायूंचं तापमान घेणारी यंत्रं, आणि रात्रंदिवस त्यांच्याकडे पाहणारी माणसं. दर महिन्याला अहवाल निघतो, दर सोमवारी साध्या इंग्रजीत लेख येतो. अहवालाच्या माथ्यावर रंग असतो आणि हिरवा रंग म्हणजे नेहमीची परिस्थिती. मुलाला किंवा नातवाला सांगा, दोन मिनिटांत उघडून दाखवेल. मोठा उद्रेक व्हायचाच असेल तर त्याची चाहूल आठवडे, महिने, कदाचित वर्षं आधी लागेल. सतत वाढत जाणारे धक्के, झपाट्यानं वर येणारी जमीन, बदललेले वायू, हे सगळं एकदम आणि मोठ्या प्रमाणावर. ही बातमी तुम्हाला नातेवाइकांच्या ग्रुपवरून पहिल्यांदा कळणार नाही.

इथवर ऐकल्यावर लोक विचारतात, "मग तिथलं गरम पाण्याचं कारंजं अचानक जास्त उडायला लागलं, ते कशामुळे?" हा प्रश्न मला आवडतो, कारण गायझर कळला की पुढचा धोका आपोआप कळतो.

आपल्या न्हाणीघरातला गिझर आणि हा गायझर, शब्द एकच. आइसलंडमधल्या एका उसळणाऱ्या झऱ्याचं नाव गेसिर, त्यावरून साऱ्या जगाला तो मिळाला. यलोस्टोनमध्ये दहा हजारांहून जास्त गरम झरे, चिखलाची कुंडं, वाफेची भोकं आहेत आणि पाचशेच्या आसपास गायझर आहेत. जगातले निम्मे गायझर या एका उद्यानात आहेत.

पाऊस आणि बर्फाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. खाली खडक तापलेला आहे, त्यानं पाणी तापतं. पण वर पाण्याचा भलामोठा स्तंभ उभा असतो, त्याचा दाब असतो. दाबाखाली पाणी १०० अंशांनाही उकळत नाही, कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच गुणामुळे. नॉरिस खोऱ्यात १९६७-६८ साली भोक पाडून पाहिलं, तेव्हा ३३२ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान मिळालं. असं पाणी वर येताना वाटेत अरुंद गळा लागला की अडतं. ओल्ड फेथफुलचा गळा सुमारे सात मीटर खोलीवर जेमतेम अकरा सेंटीमीटर रुंद आहे. खालून वाफेचे बुडबुडे रेटा देतात, थोडं पाणी तोंडावाटे सांडतं, त्यामुळे खालचा दाब उतरतो आणि दाब उतरताच इतका वेळ दबून राहिलेलं पाणी एकदम उकळतं आणि त्यातलं काही वाफ होतं. मग फवारा उडतो, ३० ते ५५ मीटर उंच. दोन-चार मिनिटांत नळी रिकामी होते आणि पुन्हा भरायला लागते.

यात पाणी, उष्णता आणि नळी असे तीन भिडू आहेत. उष्णता शिलारसाची हे खरं, पण ती हजारो वर्षं तशीच आहे. रोजच्या रोज बदलतं ते पाणी आणि बदलते ती नळी. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या पश्चिमेला हेबगेन तलावाजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. मॅडिसन नदीच्या खिंडीत अख्खा डोंगर कोसळला, २८ माणसं गेली. त्यानंतर गायझरच्या खोऱ्यांत जवळजवळ तीनशे झरे उसळलेले आढळले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक झऱ्यांनी तोवर कधी तोंड उघडल्याची नोंद नव्हती. नळ्या हलल्या, जुन्या फटी बुजल्या, नव्या उघडल्या. ज्वालामुखी मात्र होता तसाच राहिला.

नॉरिसमधला स्टीमबोट हा जगातला सर्वांत उंच उडणारा चालू गायझर, ९० मीटरच्याही वर जातो. १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं त्यानं मोठा फवारा उडवला नव्हता. मार्च २०१८ मध्ये तो पुन्हा जागा झाला. त्या वर्षी ३२ वेळा उडाला, २०१९ मध्ये ४८ वेळा, २०२० मध्येही ४८ वेळा. तेव्हा माझा फोन वाजायचा थांबत नव्हता. शास्त्रज्ञांनी सगळ्या नोंदी तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला की शिलारस हलल्याची खूण यात दिसत नाही. नंतरच्या वर्षांत तो आपणहून मंदावत गेला.

मला सगळ्यांत भावतो तो ओल्ड फेथफुलचा पुरावा. नावच "विश्वासू" असलेला हा गायझर एके काळी चक्क मुका झाला होता. त्याच्या उंचवट्यावर झाडांच्या खोडांचे दगडासारखे झालेले तुकडे सापडले. चालू गायझरवर झाड वाढत नाही, म्हणजे ती वाढली तेव्हा तो बंद असणार. वय काढलं तर ती तेराव्या-चौदाव्या शतकातली निघाली. त्या काळात तिकडे दीर्घ, कडक दुष्काळ पडला होता. इकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, साधारण त्याच शतकात तिकडे पाण्यावाचून ओल्ड फेथफुल थांबला होता. पाऊसपाणी आलं आणि तो पुन्हा बोलू लागला. तेव्हा गायझर वाढला किंवा थांबला, तर आधी पाण्याचा विचार करा.

आता खरा धोका.

२३ जुलै २०२४. सकाळी दहाचा सुमार, बिस्किट बेसिन नावाचं खोरं, ओल्ड फेथफुलपासून फारतर तीन-चार किलोमीटर. लोक फळ्यांच्या वाटेवर निवांत उभे होते. ब्लॅक डायमंड पूल नावाच्या कुंडातून काळं पाणी, चिखल आणि दगड एकदम शेकडो फूट उंच उडाले. त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल, माणसं मागे वळून धावत होती. फळ्या तुटल्या, कठडे मोडले. कुणालाही इजा झाली नाही, ही देवाची कृपा. ते खोरं लगेच बंद करण्यात आलं. हा उद्रेक ज्वालामुखीचा नव्हता. पाण्यात विरघळलेली सिलिका थरथर साचून नळी बुजते, आत तापलेलं पाणी कोंडतं आणि वाट फुटली की क्षणात वाफ होतं. वाफ होताना पाण्याचं आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं, मग वरचा खडक कुठे टिकणार? असे लहानसहान स्फोट उद्यानात वर्षा-दोन वर्षांत एखादा होतो, बहुतेक कुणी नसलेल्या ठिकाणी. यलोस्टोन सरोवराच्या काठी मेरी बे इथे तर सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीच्या अशाच एका स्फोटाचा अडीच किलोमीटर रुंद खड्डा आहे. या स्फोटांची आधी सूचना मिळेलच, असं आज कुणी सांगू शकत नाही.

म्हणून कुठलीही वाट बंद आहे असा फलक दिसला तर हुज्जत घालू नका. "इतक्या लांबून आलो, पाच मिनिटं बघून येतो" असं म्हणू नका. २००३ मध्ये नॉरिसचा एक भाग बंद केला होता, कारण जमीन नेहमीपेक्षा जास्त तापली होती. बाहेरून काही दिसत नसतं. आणि उभ्या जागी एखादं कुंड अचानक काळं उसळू लागलं, दगड उडू लागले तर मोबाइल काढू नका. मुलांना पुढे घाला, डोक्यावर पिशवी नाहीतर जाकीट धरा आणि ज्या फळ्यांवरून आलात त्याच फळ्यांवरून मागे फिरा. घाबरून बाजूच्या जमिनीवर उतरलात तर एका धोक्यातून सुटून दुसऱ्यात पडाल.

ती बाजूची जमीन कशी असते ते नीट समजून घ्या. पातेल्यात दूध तापून वर साय धरावी, तशी सिलिकाची साय पाण्यावर धरलेली असते. पांढरट, कोरडी, वर थोडं गवतही. पाहणाऱ्याला वाटतं भक्कम आहे. कुठे ती हत्तीला पेलेल इतकी जाड असते, कुठे दहा वर्षांच्या मुलालाही पेलणार नाही इतकी पातळ. कुठली कुठे, हे वरून कळत नाही. खाली उकळतं पाणी. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, पण माणसाच्या कातडीला ९३ काय आणि १०० काय. नॉरिसमधलं बरंचसं पाणी तर आम्लही आहे. जून २०१६ मध्ये एक तेवीस वर्षांचा तरुण बहिणीबरोबर नॉरिसमध्ये फळ्या सोडून आत गेला. गरम पाण्यात डुंबायला जागा शोधत होता. पाय घसरला. दुसऱ्या दिवशी शोधपथकाला त्याचं शरीर मिळालं नाही. १९७० च्या उन्हाळ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा क्रेस्टेड पूलमध्ये पडला. तो काही बंदी मोडायला गेला नव्हता, आईवडिलांबरोबर साध्या वाटेवर होता. ही गोष्ट मी प्रत्येक आजी-आजोबांना सांगतो आणि सांगताना दर वेळी माझा गळा दाटतो.

हे मी आपल्या माणसांना वेगळं का सांगतो, तर आपल्याला उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, सवय आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वराकडचं तुरळ, राजापूर, खानदेशातलं उनपदेव. गरम पाण्याचं कुंड दिसलं की चप्पल काढायची, पायरीवर बसायचं, पाय सोडायचे, सांधे शेकायचे, नमस्कार करून नाणं टाकायचं. आपल्याकडचं पाणी खोल भेगांतून फिरून जमिनीच्या नैसर्गिक उबेनं तापलेलं असतं, त्याच्याखाली आज शिलारसाचा साठा नाही. त्याला बांधीव टाकी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ती सवय विमानातून बरोबर नेऊ नका. बोट बुडवून "किती गरम आहे" हे बघायचं नाही. कुंडातून वाहत येणारा ओहोळही भाजतो. आंघोळच करायची हौस असेल तर उद्यानाबाहेर गरम झऱ्यांच्या पाण्यावर चालणारे तलाव आहेत, मुलांना सांगा, नेतील.

नाण्याचंही ऐका. मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड एके काळी गर्द निळं होतं, फुलासारखं, म्हणूनच ते नाव. वर्षानुवर्षं लोकांनी त्यात नाणी, दगड, कचरा टाकला. नळी बुजत गेली, पाणी निवलं, कडेचे पिवळे-नारिंगी जिवाणू आत सरकले. आता निळा रंग मधे तेवढा उरला आहे. हे रंग म्हणजे जिवंत वस्तू आहेत. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना इथल्याच एका झऱ्यात सुमारे ७० अंश तापलेल्या पाण्यात जगणारा जिवाणू सापडला. त्याच्या एका विकरामुळे पीसीआर ही तपासणी सोपी झाली. करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून आपण सगळ्यांनी ज्या तपासणीच्या निकालाची धास्तावून वाट पाहिली, तिची मुळं या पाण्यात आहेत. तिथे श्रद्धेनं हात जोडले तर मला आनंदच होईल. टाकू मात्र काही नका.

चालण्याच्या गोष्टी थोडक्यात. चप्पल, सपाता नकोत, मागून बंद आणि तळाला पकड असलेले बूट घाला. वाफेनं फळ्या ओल्या असतात, सकाळी कधी त्यांवर बर्फही असतो आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. साडी नेसायची असेल तर घोट्याच्या वर राहील अशी नेसा, त्यापेक्षा पंजाबी ड्रेस बरा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात मनगटाशी धरा, बोट धरून चालत नाही, कारण मूल झटका देऊन सुटतं. टोपी उडून कुंडाकडे गेली, फोन पडला, खेळणं पडलं, तर ते गेलं असं समजा आणि रेंजरला सांगा. वाफ अंगावर आली की समोरचं काही दिसत नाही, तेव्हा जागच्या जागी थांबा. फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका. आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा करूनच त्यांना न्या, मोठं रुग्णालय तिथून खूप लांब आहे.

बायसनपासून २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. दाजीपूर-राधानगरीकडच्या माणसाला हे समजावावं लागत नाही, त्याला गवा काय करतो ते माहीत आहे. बाकीच्यांनी बायसनला गरीब गाय समजू नये. मोबाइलला तिथे बहुतेक जागी रेंज नसते, म्हणून उद्यानाचं अ‍ॅप आणि नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवा आणि निघण्यापूर्वी कोणते रस्ते, कोणत्या वाटा बंद आहेत ते बघा. जून २०२२ मध्ये पुरानं रस्ते वाहून गेले, तेव्हा दहा हजारांवर पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं.

ओल्ड फेथफुलपाशी पोचलात की माहिती केंद्रात पुढच्या फवाऱ्याची अंदाजे वेळ लिहिलेली दिसेल. दहा मिनिटं इकडे-तिकडे होतात, म्हणून अर्धा तास आधी बाकांवर जागा धरा. फवारा सुरू होताच नातवाला घड्याळ लावायला सांगा आणि थांबताच बंद करायला. अडीच मिनिटांच्या आत थांबला तर पुढचा साधारण तासाभरानं येतो. त्याहून जास्त वेळ चालला तर दीड तासाच्या आसपास, कारण नळी जास्त रिकामी झालेली असते आणि भरायला वेळ लागतो. तो अंदाज नातवाकडून एका कागदावर लिहून घ्या, मग केंद्रात जाऊन रेंजरनं काय लिहिलं आहे ते पाहा.